किशोरांसाठी प्रेमकथा: अख्खा साचा नको, त्यातलं एक वळण पुरे

माझी पहिली प्रेमकथा 1,800 शब्दांची होती आणि तिच्यात मी दोन वर्षं कोंबली होती. वर्गातलं भांडण, मग एकाच गटात प्रकल्प, मग मैत्री, मग गैरसमज, मग अबोला, मग पावसात माफी. जिला वाचायला दिली ती मैत्रीण म्हणाली, "छान आहे, पण गोष्ट कुठंय? ही तर गोष्टीची अनुक्रमणिका झाली." चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. मग कथा पुन्हा काढली आणि तिचंच खरं निघालं.

नव्याने लिहिणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा इथेच रुतते. शत्रुत्वातून प्रेम, मैत्रीतून प्रेम, खोटं खोटं जोडपं, एकत्र अडकलेले दोघं, हे सगळे ट्रोप आपल्याला कादंबऱ्या, सिनेमे आणि वेब मालिकांतून भेटतात. तिथे त्यांना ऐसपैस जागा असते. दोन-तीन हजार शब्दांत अख्खा ट्रोप मावत नाही. त्यातलं एक वळण मावतं. ते कसं शोधायचं आणि कसं लिहायचं, ते क्रमाने बघू.

आधी इंजिन ओळखा

ट्रोप म्हणजे वाचकाला आधीपासून ठाऊक असलेली मांडणी. ती ठाऊक आहे म्हणूनच तो कथा उघडतो, तेव्हा ट्रोप वापरला म्हणून ओशाळायचं कारण नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नायिकांचे आठ प्रकार सांगितलेत. त्यातली कलहांतरिता म्हणजे भांडून त्याला घालवून देणारी आणि मागाहून पस्तावणारी. वासकसज्जा म्हणजे नटूनथटून वाट बघत बसलेली. याही मांडण्याच आहेत, आणि पुढच्या कवींनी त्या शेकडो वर्षं पुन्हा पुन्हा वापरल्या. कवी कवीतला फरक दिसला तो तपशिलात.

प्रत्येक ट्रोपचं एक इंजिन असतं. ते ओळखायला एकच प्रश्न विचारा: हे दोघं आत्ताच्या आत्ता एकमेकांना खरं का सांगू शकत नाहीत?

शत्रुत्वातून प्रेमात उत्तर असतं, एक चुकीचं मत. तिने त्याच्याबद्दल काहीतरी ठरवून टाकलंय, त्याने तिच्याबद्दल. कथेत नवा पुरावा समोर येतो आणि मत डळमळतं. इथे भांडणाचं कारण नीट तोलावं लागतं. फार किरकोळ असेल तर दोघं उगाच तडतडणारे वाटतात. फार मोठं असेल, म्हणजे त्याने तिला चारचौघांत रडवलंय किंवा तिचा फोटो सगळ्यांना पाठवलाय, तर पुढे त्याच्या हसण्याचं कितीही वर्णन करा, वाचक माफ करत नाही. करूही नये. छळाला चिडवाचिडवीचं नाव देऊन चालत नाही.

एकत्र अडकण्याचं इंजिन म्हणजे बंद दार. लिफ्ट थांबलीय, शेवटची बस चुकलीय, ग्रंथालयाला कुलूप लागलंय. पहिली कथा लिहिणाऱ्याने हाच ट्रोप घ्यावा असं माझं मत आहे, कारण जागा आणि वेळ यांची कुंपणं आपोआप पडतात. एकच पथ्य पाळा: दार उघडल्यावरही काहीतरी घडू द्या. दार उघडलंय, जाता येतंय, तरी ती दोन मिनिटं थांबते. ती दोन मिनिटं म्हणजे कथा. आधीचा सगळा वेळ तिची तयारी.

खोट्या जोडप्याचं इंजिन नियमांत असतं. दोघांनी नियम ठरवलेत: फक्त लोकांसमोर, फक्त महिनाभर, घरच्यांना सांगायचं नाही. खोटं टिकायला बघणारे लागतात. म्हणून वळण सापडतं ते बघणारं कुणी नसताना. रिकाम्या जिन्यात तो तिची बॅग घेतो, आणि दोघांच्या एकाच वेळी लक्षात येतं की आता हे कुणासाठी चाललंय?

मैत्रीतून प्रेमात भीती असते ती मैत्रीच हातची जाण्याची. दिसायला सोपा, लघुकथेत अवघड, कारण वर्षांची मैत्री चार ओळींत उभी करावी लागते. त्यासाठी आठवणींची यादी देऊ नका. दोघांचीच अशी एखादी सवय शोधा. समजा, परीक्षेला जाताना दोघं एकमेकांची पेनं बदलून घेतात, का ते त्यांनाही आठवत नाही. ज्या दिवशी ती पेन बदलायला विसरते, त्या दिवशी कथा सुरू होते.

जुन्या प्रेमाला दुसरी संधी देणारा ट्रोप किशोरवयात जरा गमतीशीर होतो. सोळा वर्षांच्या मुलीचं 'जुनं प्रेम' आठवीतलं असतं. मोठ्यांना हसू येईल, तिला येत नाही. तुम्हीही लिहिताना हसू नका.

प्रेमत्रिकोण सुरुवातीला टाळाच. तिसऱ्या माणसाला लघुकथेत धड खुर्ची मिळत नाही, तो नुसता अडथळा बनून उभा राहतो. एक चिडका आणि एक आनंदी ही जोडीही मजेची, पण चिडक्याला चिडण्याचं कारण द्या. नुसता तुसडेपणा म्हणजे स्वभाव नव्हे.

लपवलेल्या ओळखीवर मात्र जरा थांबते, कारण इथे मराठी भाषा स्वतःच खेळात उतरते. दोघं टोपणनावाने चॅटवर बोलतायत आणि समोर मुलगा आहे की मुलगी हेसुद्धा कळू द्यायचं नाहीये, असं ठरवलंत की क्रियापद तुमचा घात करतं. 'मी घरी आलो', 'मी रोज धावते', झालं, उघडं पडलं. सुटकेची वाटही व्याकरणातच आहे. 'मी पुस्तक वाचलं', 'मी चिठ्ठी लिहिली' यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही. 'मला वाटतं', 'मला झोप आली', 'मी येईन' हीसुद्धा सुरक्षित. अशा वाक्यांवर पानभर संवाद चालवून दाखवा, हाताला चांगला व्यायाम होतो. आणि मग एखाद्या बेसावध रात्री त्या टोपणनावामागून 'दमले आज' असं निघून गेलं, तर ते 'ले' म्हणजे तुमच्या कथेचं वळण. ज्या भाषेत क्रियापद लिंग सांगत नाही तिथल्या लेखकाला ही चैन नाही.

आता तास ठरवा

इंजिन कळलं की दोघांच्या ओळखीपासून शेवटापर्यंत जे जे घडतं ते कागदावर लिहून काढा. दहा-बारा घटना होतील. त्यातली अशी एक निवडा, जिच्याआधी दोघं एक प्रकारचे होते आणि जिच्यानंतर दुसरेच झाले. ती घटना ज्या तासात घडते, तेवढाच तास लिहा. मागचं जे लागेल ते त्या तासात ओळी-ओळींनी येऊ द्या.

अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यांनी 1842 साली नाथॅनियल हॉथॉर्न या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना एक मुद्दा मांडला होता: कथा एका बैठकीत, अर्ध्या तासापासून फार तर दोन तासांत वाचून व्हावी, आणि तिच्यातला प्रत्येक शब्द आधी ठरवलेल्या एकाच परिणामाकडे जावा. पो प्रेमकथांसाठी ओळखले जात नाहीत, पण हा सल्ला प्रेमकथेला अगदी चपखल बसतो.

एक उदाहरण घेते, पुढे तेच वापरू. मुक्ता आणि ईशान, दोघं सोळा-सतरा वर्षांचे. नाट्यगटासाठी मुक्ताने एक संहिता लिहिली होती. निवडीच्या बैठकीत ईशान म्हणाला, "संवाद पुस्तकी आहेत." तिची संहिता मागे पडली, दुसरी निवडली गेली. त्या नाटकात ईशान मुख्य भूमिकेत आणि मुक्ता विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टर. दोघं महिनाभर कामापुरतंच बोलतायत.

घटनांची यादी केली तर बैठक, तालमी, टोमणे, प्रयोग, प्रयोगानंतरची रात्र असं बरंच काही हाती लागेल. मी फक्त प्रयोगाचा तास घेईन. ईशान मध्येच ओळ विसरतो. सभागृह शांत. मुक्ता विंगेतून खरी ओळ कुजबुजते, त्याला ऐकू जात नाही. मग तो काहीतरी बोलून वेळ मारून नेतो, आणि ते 'काहीतरी' मुक्ताच्या नाकारलेल्या संहितेतलं वाक्य असतं. शब्दन् शब्द. प्रेक्षकांना कळत नाही, बाकीच्या नटांना कळत नाही. फक्त तिला कळतं की ज्याने ते पुस्तकी ठरवलं, त्याला ते पाठ आहे.

हा झाला नवा पुरावा. मत डळमळलं. महिनाभराच्या तालमी मी लिहिणार नाही. वहीच्या समासात तिने त्याच्या नावापुढे मारलेल्या फुल्यांतून त्या दिसतील.

कोण काय लपवतंय

नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी भाव मोजलेत, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, मूळ भावाला रंग चढवणारे. त्यातला एक तर किशोरांच्या प्रेमकथेसाठीच काढून ठेवल्यासारखा आहे: अवहित्थ. मनातलं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून केलेली लपवाछपवी. विषय बदलणं, दुसरीकडे बघणं, नसलेलं काम काढून बसणं. सोळाव्या वर्षी माणूस दिवसभर दुसरं काय करतो?

लिहायला बसण्याआधी दोन्ही पात्रांसाठी तीन-तीन ओळी लिहा: याला काय हवंय, हा तोंडाने काय म्हणतो, आणि त्या वेळी याचे हात काय करतायत. तीनही ओळी एकच गोष्ट सांगत असतील तर पात्र अजून कच्चं आहे. मग एक छोटा संवाद लिहा, ज्यात दोघांपैकी कुणालाही मनातलं बोलायची मुभा नाही. मुक्ता-ईशानचा असा होईल, 'मी' म्हणजे मुक्ता:

"पहिल्या अंकाची वही तुझ्याकडे राहिली होती," मी म्हणाले.
"हो. आणणार होतो."
"मग?"
"सापडत नव्हती."
वही त्याच्या बॅगेतून डोकावत होती.

इथे 'त्याला वही परत द्यायची नव्हती' असं पुढे लिहायचा मोह होतो. हात आवरा.

प्रसंग लिहिताना

2,500 शब्दांच्या कथेत तीन प्रसंग सुखाने बसतात, चौथा चेंगरतो. पहिल्यात दोघांमधला ताण दिसू दे, तोही कुणी समजावून न सांगता. मधल्यात वळण, आणि त्याला सगळ्यात जास्त शब्द. शेवटचा आखूड. नवे लेखक नेमकं उलटं करतात, म्हणजे ओळखपरेड हजार शब्दांची आणि वळण एका परिच्छेदात.

भावना लिहिताना शरीराकडे बघावं लागतं, पण सगळेच जण काळजाची धडधड लिहून मोकळे होतात. जुन्या शास्त्रकारांनी आठ सात्त्विक भाव सांगितले: जागीच थिजणं, घाम, रोमांच, आवाज फुटणं, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू आणि शुद्ध हरपणं. गंमत बघा, धडधड त्या यादीत नाहीच. या आठांतलं एखादंच घ्या, कथेत एकदाच वापरा, आणि ते त्या माणसाच्या कामात मिसळा. मुक्ता प्रॉम्प्टर आहे, म्हणजे तिचा आवाज हेच तिचं काम. ते वाक्य ऐकल्यावर पुढची ओळ सांगताना तिचाच आवाज फुटतो. यापुढे धडधड लिहायची गरज उरत नाही.

संबोधनांकडे लक्ष द्या. त्या वयात दोघंही एकमेकांना 'तू'च म्हणणार, म्हणजे तिथे बदल दाखवायला वाव नाही. पण हाक बदलते. महिनाभर आडनावाने हाक मारणारा ईशान एकदा 'मुक्ता' म्हणतो, एवढ्यावर अख्खं पान उभं राहू शकतं. ते नाव तोपर्यंत त्याच्या तोंडी एकदाही येता कामा नये, हे मात्र तुम्हाला काटेकोर सांभाळावं लागेल.

आणि कबुली. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे वाक्य मराठीत व्याकरणाने शुद्ध आहे, पण त्या वयाच्या तोंडी ते डब केल्यासारखं वाजतं. मुलं 'आय लव्ह यू' म्हणतील, 'तू मला आवडतेस' म्हणतील, नाहीतर काहीच म्हणणार नाहीत. 'तू मला आवडतेस' मला फार आवडतं, कारण त्या वाक्याचा कर्ता 'तू' आहे. बोलणारा बाजूला 'मला' होऊन उभा राहतो. तरीही शक्य असेल तर कबुली दुसऱ्याच कुठल्यातरी वाक्यात लपवा.

वयाचं भान

यंग ॲडल्ट हा वाचकवर्ग ढोबळमानाने 12 ते 18 वर्षांचा धरतात, आणि मुलं साधारणपणे आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या पात्रांबद्दल वाचणं पसंत करतात. म्हणून नायक-नायिका बहुतेक पंधरा ते अठराच्या दरम्यान. दोघांच्या वयात आणि अधिकारात फार अंतर नको. शिक्षक-विद्यार्थिनी, प्रशिक्षक-खेळाडू असली जोडी प्रेमकथा म्हणून लिहूच नका.

आवाज त्या वयाचा हवा. 'तेव्हा मला कुठे ठाऊक होतं, की पहिलं प्रेम असंच असतं' हे चाळिशीतल्या माणसाचं वाक्य आहे. सोळाव्या वर्षी आज जे होतंय ते शेवटचंच होतंय असं वाटतं, आणि कथेने त्या वाटण्यावर विश्वास ठेवायला हवा. पण शाळेतल्या बोलीची फार नक्कल करायला जाऊ नका. आजचा लाडका शब्द वर्षभरात शिळा होतो. साधी, आखूड वाक्यं जास्त टिकतात.

मोठी माणसं कथेत असू द्या, पण गाठ त्यांनी सोडवायची नाही. आईने समजावलं आणि मुलीचे डोळे उघडले, इथे कथा आईची झाली.

काही जुने ट्रोप मी वापरत नाही, तुम्हीही वापरू नका असं स्पष्टच सांगते. ती नको म्हणत असताना मागे मागे फिरणारा आणि शेवटी 'जिंकणारा' मुलगा. मित्राशी बोलली म्हणून फोन तपासणारा, आणि त्याला काळजीचं नाव देणारा. विचारल्याशिवाय केलेला स्पर्श. हे कथेत येऊ शकतं, पण ते चुकीचं आहे हे कथेला कळत असलं पाहिजे. लैंगिक प्रसंगांचा तर प्रश्नच नाही, पात्रं अल्पवयीन आहेत. विंगेच्या अंधारात वही घेताना बोटं लागली, दोघंही काही बोलले नाहीत, यावर या वयाची कथा भरपूर चालते. आणि 'हात धरू का?' असं विचारल्याने प्रसंगातली जादू जाते, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो प्रश्न अडखळत विचारणारा मुलगा एकदा लिहून बघावा.

गैरसमजाबद्दलही एक. तुमचा अख्खा गैरसमज एका मेसेजने मिटणार असेल तर वाचक पहिल्याच पानावर म्हणेल, मेसेज कर ना मग. मेसेज का जात नाही याचं उत्तर पात्राच्या स्वभावात शोधा. फोनची बॅटरी संपली, हे उत्तर नव्हे.

शेवट

अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाने, या प्रकाराच्या दोन अटी सांगितल्यात: प्रेम मध्यवर्ती असावं, आणि शेवट भावनेला समाधान देणारा, आशेचा असावा. 'आणि ते सुखाने नांदू लागले' असंच संपवा, असं कुणी म्हटलेलं नाही. सोळा वर्षांच्या दोघांना जन्माची गाठ बांधून दिली तर उलट खोटं वाटतं. तिथे 'सध्यापुरतं सुख' पुरतं. मॉरीन डेली यांच्या 1942 सालच्या 'सेव्हन्टीन्थ समर' या कादंबरीत सतरा वर्षांची नायिका उन्हाळा संपल्यावर कॉलेजसाठी निघून जाते. पुढचं आयुष्य कादंबरी बांधून देत नाही, आणि तरी वाचकांनी तिला प्रेमकथा म्हणूनच जपलं.

मुक्ता-ईशानचा शेवट मी असा करीन. पडदा पडलाय, मंचावर आवराआवर चाललीय. ईशान तिच्यासमोर येऊन उभा राहतो, तोंड उघडतो, बंद करतो.

"मुक्ता," तो म्हणाला. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "पुढची ओळ विसरलो."

मी वही मिटली.

ती ओळ सांगते की नाही, ते लिहायचं नाही. तिने वही मिटली म्हणजे काय, ते वाचकाला कळतं, कारण महिनाभर तिचा त्याच्याशी संबंध त्या वहीतूनच होता.

दुसरा हात

मसुदा झाला की तीन दिवस बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा, जीभ जिथे अडखळेल तिथे खूण करा. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. दहातल्या सात वेळा कथा तिथूनच सुरू होते, निदान माझी तरी. 'अचानक', 'नकळत', 'का कोण जाणे' हे शब्द शोधा. हे आले की समजा, कारण तुम्हालाच ठाऊक नव्हतं.

मग त्या वयाच्या कुणाला तरी वाचायला द्या. 'आवडली का?' विचारू नका, हो म्हणतात. 'वाचता वाचता फोनकडे कुठे बघितलंस?' असं विचारा, आणि ती जागा दाखवली की वाद न घालता तिथे पेन्सिलने रेघ मारा.

माझ्या त्या पहिल्या कथेवर मी हे सगळं बऱ्याच उशिरा केलं. दोन वर्षांतला फक्त अबोल्याचा एक दुपारचा तास ठेवला. कथा 1,800 शब्दांवरून 1,100 वर आली, आणि पाऊस गेला.